दही कधी कवडीदार, कधी चोथापाणी: विरजण दर वेळी वेगळं का लागतं

दूध तेच, पातेलं तेच, विरजणही कालच्याच दह्यातलं. तरी एक दिवस दही सुरीने कापावं असं लागतं, दोन दिवसांनी झाकण उघडलं तर नुसतं आंबूस दूध, आणि पुढच्या खेपेला खाली चोथा नि वर पिवळसर पाणी. घरी दही लावणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, पुढच्या वेळी विरजण वाढवतात. त्याने दही सुधारत नाही, उलट आणखी आंबट आणि रवाळ होतं. खरं कारण बहुतेक वेळा विरजणाच्या मापात नसतं, उष्णतेत असतं. तेही विरजण घालताना दूध किती गरम होतं एवढ्यावर भागत नाही. ती ऊब पुढचे पाच-सहा तास टिकली का, हे कुणी बघतच नाही.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे उपाय का करायचे ते कळेल. विरजणात मुख्यतः दोन जिवाणू काम करतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढत गेलं की दुधातलं कॅसीन हे प्रथिन एकमेकांना धरू लागतं, आणि सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की त्याची जाळी पूर्ण विणून होते. दुधातलं पाणी या जाळीतच अडकून राहतं. जाळी नीट विणली गेली तर दही घट्ट, घाईघाईने किंवा अर्धवट विणली गेली तर पाणी सुटतं. या दोन्ही जिवाणूंची जोडी ४२-४३ अंश सेल्सिअसला सगळ्यात छान चालते. ३० अंशांना ती रेंगाळते, २० च्या खाली जवळजवळ झोपी जाते, आणि ५० च्या पुढे तिचं काम थांबतं. उकळीतून नुकत्याच उतरवलेल्या दुधात विरजण घातलं तर ते मेलंच.

आधी एक पक्की कृती

दोष शोधायचा तर तुलनेला काहीतरी ठरलेलं हवं. पुढची कृती जशीच्या तशी सलग तीनदा करा आणि मगच फरक करायला लागा.

१ लिटर सायीचं दूध घ्या. पातेलं आधी पाण्याने विसळा आणि न पुसता त्यात दूध ओता, म्हणजे ते तळाला कमी लागतं. मध्यम आचेवर उकळी आणा, मग आच मंद करून १० मिनिटं ढवळत राहा. दूध साधारण ९०० मिलिलिटर उरेल इतकं आटलं तर उत्तम. उतरवून ४४-४५ अंशांपर्यंत निवू द्या. साय वर घट्ट पापुद्रा धरते आणि आतलं दूध गरमच राहतं, म्हणून अधूनमधून हलवा.

विरजण २० ग्रॅम, म्हणजे टेबलस्पूनभर आणि वर थोडं. फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. ते थेट पातेल्यात टाकू नका. वाटीत घ्या, त्यात कोमट दुधाचे तीन-चार चमचे घालून चमच्याने इतकं फेटा की एकही गुठळी दिसणार नाही आणि चमच्यावरून ते सायीसारखं सलग घरंगळेल. मग बारीक धारेने दुधात ओता आणि तळापासून वर असं दहा-पंधरा वेळा हलवा. फेस आणू नका. विरजणाची गुठळी तशीच तळाशी बसली तर तिथलं दही आधी आंबतं, वरचं मागे राहतं, आणि एकाच भांड्यात दोन प्रकारचं दही मिळतं.

ज्या भांड्यात दही लावायचं ते आधी गरम पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवा, मग पाणी ओतून टाका. झाकण लावा, ४०-४३ अंशांच्या उबेत ठेवा आणि ५ तास हात लावू नका. पाचव्या तासाला भांडं अगदी किंचित कलतं करा. दही कडेपासून सुटून एकसंध सरकलं तर ते लागलं. पृष्ठभागावर दुधासारखी लाट उठली तर आणखी तासभर थांबा. लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार तास तरी गार होऊ द्या, कारण गार झाल्यावर जाळी आणखी घट्ट होते. गरम दह्यात चमचा घालून ते किती घट्ट झालंय हे ठरवू नका.

उष्णता कुठे हरवते

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण निम्म्याहून जास्त तक्रारींचं उत्तर इथेच सापडतं.

पहिली चूक बोटाची. ‘कोमट’ हा शब्द फार फसवा आहे. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश, त्यामुळे जे दूध बोटाला ना गरम ना गार वाटतं ते ३३ ते ३७ अंशांचं असतं. थंड खोलीत तिथून सुरुवात केली तर तासाभरात ते तिशीच्या खाली येतं. त्यात हात गार असतील तर तेच दूध गरम भासतं. म्हणून बोटाला आधी शिकवावं लागतं. मोठ्या वाडग्यात १ माप खळखळ उकळतं पाणी घ्या. खोलीतलं पाणी २० अंशांचं असेल तर त्यात २ मापं गार पाणी घाला, २५ अंशांचं असेल तर पावणेतीन मापं. हे पाणी साधारण ४५ अंशांचं होतं. वाडगा थोडी उष्णता पितो, तेव्हा तोही आधी गरम पाण्याने विसळून घ्या. आता त्यात बोट बुडवा. स्पष्ट गरम लागतं, चटका बसत नाही, पण सावकाश दहापर्यंत मोजल्यावर बोट काढून घ्यावंसं वाटतं. हीच खूण दुधात शोधायची. दोन-तीनदा असं केलं की बोट बऱ्यापैकी पक्कं होतं.

थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला, पण तोही तपासून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या काल्यात तो ० दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात १००. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, तेवढी वजावट धरा. मोजताना दूध आधी हलवा आणि टोक भांड्याच्या मधोमध धरा, तळाला टेकवू नका. कडेचं दूध आणि मधलं दूध यांत सहज चार-पाच अंशांचा फरक असतो.

दुसरी चूक भांड्याची. फ्रिजमधलं चमचाभर गार विरजण दुधाला गार करतं असं अनेकांना वाटतं. हिशेब केला तर ४४ अंशांच्या १ लिटर दुधात ४ अंशांचं २० ग्रॅम विरजण घातल्याने तापमान एका अंशाहूनही कमी उतरतं. (विरजण आधी बाहेर काढायचं ते जिवाणूंना जाग यावी आणि गुठळ्या सहज मोडाव्यात म्हणून.) खरी उष्णता खातं ते जड, गार भांडं. १ किलो वजनाचं चिनी मातीचं भांडं २० अंशांच्या खोलीतून आणून त्यात १ लिटर दूध ओतलं तर दूध एका झटक्यात चार-पाच अंश उतरतं. मोजून ४४ अंशांना विरजलेलं दूध प्रत्यक्षात ३९-४० पासून सुरू होतं, आणि करणारा म्हणतो, ‘मी तर तापमान बरोबर घेतलं होतं.’ भांडं आधी गरम करायचं ते यासाठीच.

तिसरी चूक मापाची. १ लिटर दूध ऊब बराच वेळ धरतं, तेच दूध पाच छोट्या वाट्यांत वाटलं की लवकर गार होतं. वाट्यांत दही लावायचं असेल तर त्या एका पसरट भांड्यात ठेवा, वाटीच्या अर्ध्यापर्यंत येईल इतकं ४५ अंशांचं पाणी भोवती भरा आणि वर झाकण घाला.

चौथी चूक जागेची. पांघरूण गुंडाळल्याने भांडं गरम होत नाही, असलेली ऊब फक्त सावकाश जाते. गार ओट्यावर ठेवून वरून शाल गुंडाळली तर सगळी उष्णता तळातून निघून जाते. खाली घडी घातलेला जाड टॉवेल हवाच. ओव्हनमध्ये दिवा लावून दही ठेवायची पद्धत चांगली आहे, पण आधी तपासा. दुधाइतकंच पाणी भांड्यात घेऊन दिवा लावून ठेवा आणि तीन तासांनी तापमान बघा. जुन्या तारेच्या दिव्याने काही ओव्हन ४०-४५ ला येतात, काही ५० च्या वर जातात, आणि एलईडी दिवा असेल तर जवळपास काहीच फरक पडत नाही. ५० च्या वर जात असेल तर दिवा तासभर चालू, तासभर बंद असं करून पुन्हा मोजा. सगळ्यात भरवशाची आणि बिनखर्चाची जागा म्हणजे जाड कॅसरोल किंवा थर्मोकोलचा डबा. आत दह्याचं भांडं, शेजारी ५० अंशांच्या पाण्याची घट्ट झाकणाची बाटली, वर झाकण. बाटली भांड्याला चिकटवून ठेवू नका, नाहीतर त्या बाजूचं दही फाटतं.

या सगळ्यावर एकच चाचणी पुरेशी आहे. ज्या जागी दही ठेवता त्याच जागी, त्याच भांड्यात ४५ अंशांचं पाणी ठेवा आणि चार तासांनी मोजा. ३८ च्या वर असेल तर जागा चांगली. ३२-३३ वर आलं असेल तर विरजण कितीही बदला, दही आज लागेल आणि उद्या नाही. ऋतू बदलला की ही चाचणी पुन्हा करा.

‘सकाळी बघतो तर दूधच’

आधी वास घ्या. हलकासा आंबूस वास आणि थोडी दाटी असेल तर दही अदमुरं राहिलंय, म्हणजे ऊब कमी पडली. विरजण पुन्हा घालू नका. भांडं न हलवता ४५ अंशांच्या पाण्याच्या परातीत बसवा, झाकून ठेवा, पाणी निवलं की बदला. दोन-तीन तासांत ते बहुधा लागतं, फक्त थोडं सैल राहतं.

आठ-दहा तास उलटूनही आंबटपणाचा मागमूस नसेल, वास निव्वळ दुधाचा असेल, तर विरजण मेलेलं आहे. अशा वेळी पुन्हा विरजण घालून दूध वाचवायचा मोह होतो. वाचवू नका, ओतून टाका. उकळीतही टिकणारे काही जिवाणूंचे बीजाणू दुधात असतात. आम्ल तयार झालं की त्यांना वाढता येत नाही, पण रात्रभर उबदार आणि बिनआंबट राहिलेल्या दुधात त्यांना रान मोकळं मिळतं. पुन्हा उकळल्यानेही खात्री येत नाही, कारण त्यांतल्या काहींचं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच चौथ्या-पाचव्या तासाला एकदा बघायची सवय लावा. तेव्हा काहीच हालचाल दिसली नाही तर ऊब वाढवायला वेळ हातात असतो.

विरजण मरण्याची कारणं तीन. दूध फार गरम असताना ते घातलं गेलं. किंवा ते मुळातच निर्जीव होतं, कारण काही दही लागल्यावर टिकाऊपणासाठी पुन्हा तापवलेलं असतं. वेष्टनावर जिवंत जिवाणूंचा उल्लेख आहे का ते बघा, आणि फळांचं, साखरेचं किंवा स्टार्च घातलेलं दही विरजणाला वापरू नका. तिसरं कारण म्हणजे विरजण फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे पडून त्यातले बरेचसे जिवाणू मेलेले असतात.

शंका असेल तर विरजणाची परीक्षा घ्या. १०० मिलिलिटर उकळून ४३ अंशांना निववलेलं दूध, त्यात अर्धा लहान चमचा विरजण, आणि हे सगळं छोट्या थर्मासमध्ये. सहा तासांत लागलं तर विरजण ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा.

सगळं जागच्या जागी असूनही एका दुधाचं दही लागत नाही आणि त्याच दिवशी, त्याच विरजणाने दुसऱ्या दुधाचं लागतं, तर दुधात प्रतिजैविकाचा अंश असू शकतो. जनावराला औषध चालू असताना ते दुधात उतरतं आणि विरजणाच्या जिवाणूंना मारतं. नुसत्या उकळीने बहुतेक प्रतिजैविकं नष्ट होत नाहीत. अशा वेळी दूध बदलणं हाच उपाय. भांड्याला राहिलेला साबणाचा अंशही असाच त्रास देतो, तेव्हा शेवटचं विसळणं गरम पाण्याने करा.

चोथापाणी

दही कापल्यावर खड्ड्यात चमचाभर पाणी जमणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात प्रथिनं, लॅक्टोज आणि क्षार असतात, आणि तो हिरवट पिवळा रंग बी-२ जीवनसत्त्वाचा. ते ओतून देऊ नका, ढवळून घ्या किंवा पीठ भिजवायला वापरा. तक्रार करण्याजोगं पाणी ते, जे न कापताच बोटभर उंचीने वर तरंगतं.

ते तापमान जास्त झाल्याने होतं, वेळ जास्त झाल्याने होतं, किंवा विरजण जास्त झाल्याने. तिन्हींत आम्ल झपाट्याने वाढतं, कॅसीनची जाळी सावकाश विणली जाण्याऐवजी आकसते आणि पाणी बाहेर पिळून काढते. इथेच ‘विरजण वाढवा’ हा सल्ला उलटतो. १ लिटरला ५०-६० ग्रॅम विरजण घातलं तर दही लवकर लागतं खरं, पण रवाळ, आंबट आणि पाणी सुटलेलं. १५ ते २५ ग्रॅमच्या बाहेर जाऊ नका. खोली फार उबदार असेल तर १५, थंड असेल तर २५.

अर्धवट लागलेलं भांडं हलवलं, फ्रिजमध्ये ठेवताना धक्का बसला, तरी जाळी तुटते. तुटलेली जाळी पुन्हा जुळत नाही. भांडं जिथून फ्रिजपर्यंत सहज उचलता येईल अशा जागीच दही लावा.

फाटलेलं दही वाया घालवू नका. स्वच्छ फडक्यात दोन-तीन तास टांगून ठेवलं की पाणी निथळून चक्का मिळतो, आणि फेटला की तो चांगला मऊ होतो. मात्र याच दह्यातून पुढचं विरजण काढू नका.

लागतं, पण पातळ

ना आंबट, ना फाटलेलं, फक्त पातळ दही लागत असेल तर दोष दुधात किंवा ते तापवण्यात आहे. पाश्चरीकरण केलेलं दूध सुरक्षित असतं, म्हणून ते नुसतं कोमट करून विरजावं असं काहींना वाटतं. पण पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद असतं. घट्ट दह्यासाठी दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडून कॅसीनला चिकटावं लागतं, तरच जाळीला बळकटी येते. त्याला ८५ अंशांना अर्धा तास किंवा ९०-९५ अंशांना ५ ते १० मिनिटं लागतात. वरच्या कृतीतली मंद आचेवरची १० मिनिटं त्यासाठीच आहेत. नुसती एक उकळी फुटली आणि गॅस बंद केला, तर हे काम अर्धवट राहतं.

कमी सायीच्या दुधाचं दही सैल वाटतं, आणि बंद खोक्यातल्या, अतिउच्च तापमानाला तापवलेल्या टिकाऊ दुधाचंही. दोन्हींवर एकच उपाय. १ लिटर दुधाला ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे चार टेबलस्पून, साय काढलेल्या दुधाची पावडर. ती गार दुधात आधी फेटून घ्या, मग दूध तापवा. गरम दुधात टाकली तर गोळे होतात आणि ते शेवटपर्यंत मोडत नाहीत. शेळीच्या दुधाचं दही मुळातच मऊ लागतं, तिथे कवडीची अपेक्षा धरू नये.

तार सुटते, बुळबुळीत लागतं

चमचा उचलला की चिकट तार लांबते. याला बरेच जण नासलेलं दही समजतात. दर वेळी तसं नसतं. काही जिवाणू साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या तयार करतात आणि दही चिकट होतं. २० ते ३० अंशांच्या उबेत, रेंगाळत लागलेल्या दह्यात असे जिवाणू वरचढ होतात. वास स्वच्छ आंबूस असेल आणि चव नेहमीची असेल तर ते दही खाता येतं. पण त्यातलंच विरजण पुढे चालवलं तर दर खेपेला तार वाढत जाते. तेव्हा विरजण बदला, भांडं आणि चमचे उकळत्या पाण्यातून काढा आणि पुढचे तीन घाणे ४२-४३ अंशांनाच लावा.

तारेबरोबर कुबट किंवा यीस्टसारखा वास असेल, दही फुगलं असेल, कापल्यावर आत सगळीकडे बारीक भोकं दिसत असतील, तर मात्र ते टाकायचंच. (फक्त वरच्या थराला असलेले बुडबुडे बहुधा ओतताना आलेल्या फेसाचे असतात, त्यांची काळजी नको.) हिरवा, काळा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेलं खाऊ नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

आंबटढाण, कडवट, करपट

आंबटपणाचं कारण साधं आहे, दही लागल्यावर ते बाहेर राहिलं. रात्री दहाला लावून सकाळी आठला उचलायचं, तर ४३ अंशांच्या उबेत ते पहाटेच तयार झालेलं असतं आणि पुढचे तास नुसतं आंबत राहतं. वेळ बदलता येत नसेल तर ऊब बदला. सुरुवात ४० अंशांनी करा आणि विरजण १५ ग्रॅम घ्या, मग आठ-नऊ तास लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेलं दहीही लगेच गार होत नाही. लिटरभर दह्याचा मध्यभाग गार व्हायला काही तास जातात, आणि तोवर आंबणं चालूच असतं. ज्यांना गोडसर दही आवडतं त्यांनी नुकतं लागलेलं दही त्याच क्षणी फ्रिजमध्ये ठेवावं, किंवा रुंद नि उथळ भांड्यात लावावं.

कडवटपणा बहुधा जुन्या दुधातून येतो. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या दुधात थंडीतही वाढणारे जिवाणू असतात, त्यांची विकरं उकळीलाही पुरून उरतात आणि प्रथिनं तोडून कडू चव आणतात. दही लावायला ताजंच दूध घ्या. करपट वास आला तर दूध तळाला लागलं होतं. तसं झालं की तळ खरवडू नका, वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

विरजण सांभाळणं

ताजं दही पहिल्यांदा उघडाल तेव्हा, ताटात वाढायच्या आधी, कोरड्या स्वच्छ चमच्याने मधल्या भागातून दोन टेबलस्पून काढून झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत ठेवा. जेवणाच्या वेळी दहा चमचे लागून उरलेलं तळाचं दही हे विरजण नव्हे. हे बाजूला काढलेलं विरजण पाच ते सात दिवसांत वापरा.

घाण्यामागून घाणा चालवलं की दोन जिवाणूंमधला तोल हळूहळू ढळतो. कमी उबेत लावणाऱ्यांकडे तो लवकर ढळतो, ४२-४३ ला लावणाऱ्यांकडे सावकाश. दही सलग दोन-तीन वेळा नेहमीपेक्षा उशिरा लागलं, किंवा चव बदलली, की नवं विरजण आणा.

आणि चांगलं लागलेल्या एखाद्या घाण्यातून बर्फाच्या ट्रेमध्ये टेबलस्पूनभराच्या वड्या गोठवून ठेवा. गोठल्यावर त्या घट्ट डब्यात भरा आणि डब्यावर तारीख लिहा. दीड-दोन महिने त्या चालतात. वापरायच्या आदल्या रात्री एक वडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विरघळायला ठेवा. गोठण्यात काही जिवाणू मरतात, म्हणून पहिला घाणा अर्ध्या लिटरचाच लावा आणि त्याला तास-दोन तास जास्त द्या. त्याच्यातून काढलेलं विरजण पुढच्या वेळी नेहमीच्या वेळेत लागतं.